उशिरा येणाऱ्यांचे तांबोळी सर

तांबोळी सरांना थापा मारणारी मुलं फार आवडायची. हे वाक्य एकदा मी केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर बोलून गेले, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी "म्हणजे तशा अर्थानं नाही" असं पुटपुटत खाली बसले. पण खरं सांगायचं तर अर्थ तोच होता. हुशार पोर हुडकायची सरांची पद्धत हीच होती. दिसायला इतकी बेभरवशाची आणि तरीही क्वचितच चुकणारी पद्धत मी उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

आमची शाळा पारगावची, साखर कारखान्याच्या अंगाला असलेली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. परिपाठ संपला की फाटक लागायचं आणि त्यानंतर येणाऱ्यांची फाटकाशी रांग व्हायची. इतर शाळांमध्ये अशा रांगेला उठाबशा असतात, मैदानाला फेऱ्या असतात. आमच्याकडे तांबोळी सर असायचे. ही ड्यूटी त्यांनी हेडसरांकडून मागून घेतली होती. फाटकाजवळच्या पायरीवर बसायचे, हातात चहाचा ग्लास, आणि एकेकाला पुढे बोलवायचे. "हं, बोल. का उशीर?"

"सर, जाग आली नाही."

"हा खरं बोलला. जा आत." हे ते अशा आवाजात सांगायचे, जसं डॉक्टरांनी 'तुला काही झालेलं नाही, जा घरी' म्हणावं. पण एखाद्यानं गोष्ट सांगायला सुरुवात केली की सरांचा ग्लास खाली जायचा. "बरं, मग?" हे त्यांचे ठरलेले दोन शब्द. पोर बोलत राहायचं, सर 'बरं, मग?' करत राहायचे, आणि थाप पार तळापर्यंत खरवडून झाल्याशिवाय त्याची सुटका नसायची.

मी नवीन होते तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "सर, तुम्ही मुलांना खोटं बोलायला शिकवताय."

"शिकवतोय कुठं वाळुंजबाई, येतंय का बघतोय. खरं बोलायला काय लागतं? तोंड उघडलं की झालं. खोट्याला मागचं-पुढचं जुळवायला लागतं. आणि ज्याचं खोटं दुसऱ्या दिवशीबी मोडत न्हाई, त्या पोराला डोकं हाये. मग ते पुस्तकात दिसू दे न्हाईतर न दिसू दे."

या परीक्षेत एकच गोष्ट बाद होती, ती म्हणजे बिबट्या. आमच्याकडे सगळीकडे ऊस, त्यामुळे बिबट्या हा आता गावकरीच झालाय, आणि मुलांना आयतं कारण. उशीर झाला की बिबट्या, गृहपाठ राहिला की बिबट्या. एकानं तर डबा विसरल्याचं खापरही बिबट्यावर फोडलं. शेवटी सरांनी फाटकाशेजारच्या सूचना फलकावर खडूनं लिहून टाकलं, 'बिबट्या बंद'. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना ते जनजागृतीचं काहीतरी वाटलं आणि त्यांनी मान डोलावली. सरांनीही तशीच गंभीरपणे डोलावली.

दिसायला सर अगदी बेताचे. ठेंगणे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटण लावलेल्या, आणि सुतारानं पेन्सिल ठेवावी तसा कानावर खडू. अक्षर इतकं वाईट की त्यांनी फळ्यावर लिहिलेलं वाचणं हीच मुलांची पहिली कसोटी. खुर्चीवर बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत, ते पायरीवर, खिडकीत, नाहीतर मुलांच्या सतरंजीच्या टोकाला. आणि साखर कारखान्याच्या गावात बिनसाखरेचा चहा पिणारा हा एकमेव माणूस. मधुमेह वगैरे काही नव्हता. नुसता हट्ट.

घर मूळचं जुन्नरच्या पेठेतलं, वडिलांची पानाची टपरी. यापलीकडे त्यांचं चरित्र मला फारसं ठाऊक नाही. एकदा मात्र हसत हसत म्हणाले होते, "आमचे मास्तर मला सातवीपर्यंत 'ए पानपट्टी' म्हणायचे. माझं नाव काय, ते त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं." ते हसले म्हणून मीही हसले, पण त्या दिवसापासून माझ्या एक लक्षात आलं. सर प्रत्येक मुलाला पूर्ण नावानं हाक मारायचे, अगदी रागावतानाही. 'ए बारक्या', 'ए काळ्या' असं चुकूनसुद्धा नाही. शाळेत कुणी कुणाला 'ढ' म्हटलं तर मात्र हा शांत माणूस असा भडकायचा की शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळे गप्प.

त्यांच्या जुन्या शाळांमधल्या गोष्टी मी ऐकल्यात त्या त्यांच्याकडून कमी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडून जास्त. येडगावला असताना धरणावर मासे धरणाऱ्या घरातला एक दिनेश त्यांच्या रांगेत रोजचा. एक दिवस म्हणाला, "सर, वाटंवर पाणी चढलं." सर म्हणाले, "पाऊस न्हाई, पाणी कसं चढंल?" त्यावर दिनेशनं वरच्या धरणातून पाणी कसं सुटतं, ते इथे यायला किती वेळ लागतो, कालव्याचं दार किती उचललं तर कुठली वाट बुडते, हे सगळं मातीत रेघा ओढून समजावलं. सर सायकल काढून धरणावर गेले. त्या दिवशी पाणी सुटलंच नव्हतं. पण सुटलं असतं तर बरोबर तीच वाट बुडाली असती. वर्गात हा मुलगा नापासांत मोजला जायचा. आज तो पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे आणि पाणी कधी सोडायचं ते खरोखरच ठरवतो. दिवाळीला सरांना भेटायला आला की सर त्याला न चुकता विचारायचे, "दिनेश, वाट बुडाली का रे?"

मग त्यांची बदली झाली आंबेगावच्या पार पश्चिमेला, डोंगरात. तिथे ही पद्धत साफ आपटली. वाडी शाळेला लागूनच, त्यामुळे उशिरा कुणी यायचंच नाही, आणि आलं तरी अनोळखी मास्तरापुढे पोरांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आधीच्या शिक्षकांनी 'मुलं मंद आहेत' असा शेरा मारून ठेवला होता. सर सांगायचे, "महिनाभर मला वाटलं, आपलं दुकान इथं चालायचं न्हाई." मग एका संध्याकाळी त्यांनी भागी नावाच्या मुलीला म्हटलं, मला पलीकडच्या वाडीवर सोड, मला वाट ठाऊक नाही. जाताना भागी तोंडातून ब्र काढेना. येताना मात्र सर मुद्दाम चुकीच्या पायवाटेला वळले, आणि शाळेत वर्षभर न बोललेली ती पोरगी म्हणाली, "तिकडं नका जाऊ. ती वाट गुरांची हाये, माणसांची असती तर दगड घासल्यालं असतं." त्या दिवसापासून सर रोज एका पोराबरोबर वाट चुकायला लागले. भागी आता जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला आहे.

पण मला सांगायचंय ते आरतीचं.

दिवाळी झाली की कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. त्यांची मुलं आमच्या शाळेत बसतात, दाराजवळच्या शेवटच्या सतरंजीवर. हेडसर वाईट माणूस नव्हते, पण या मुलांना ते 'पावणं' म्हणायचे. चार महिन्यांचे पाहुणे, येतील आणि जातील, त्यांना काय शिकवायचं आणि किती. आम्हीही सगळे तसंच धरून चाललो होतो.

आरती राठोड पाचवीत होती. वाळकी, केस तेलावाचून तांबडे झालेले, आणि कडेवर सदैव धाकटा भाऊ, शिवा. जेमतेम वर्षाचा असेल. ती उशिराच्या रांगेत पहिल्या दिवशी उभी राहिली तेव्हा सरांनी विचारलं, "का उशीर?"

"पाखऱ्या रुसला."

"कोण पाखऱ्या?"

"आमचा बैल. काल त्याला डावीकडं जुंपलं. त्याला उजवीकडंच लागतंय."

"बरं, मग?"

मग काय, पाखऱ्या रोज सुरू झाला. आज पाखऱ्यानं दावं तोडलं, आज त्याचा जोडीदार सोन्या आजारी म्हणून हा चारा खाईना, आज आरतीच्या वडिलांनी त्याच्या कानात माफी मागितली तेव्हा कुठे उठला. सर रंगून ऐकायचे. अधूनमधून फासही टाकायचे. "मागच्या आठवड्यात तू म्हणालीस पाखऱ्याचं एक शिंग मोडकं हाये."

"पाखऱ्याचं न्हाई सर. सोन्याचं. आन् मोडकं न्हाई, वाकडं."

कितीही उलटसुलट विचारा, पाखऱ्याचा रंग, वय, खोड्या, कुठल्या बाजारात घेतला, कशाला भितो, एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. सरांचा चहा रोज गार व्हायचा. एका रविवारी शेवटी ते या बैलाला बघायला कोप्यांवर गेले. सोमवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत आले ते थेट माझ्या टेबलाशी. चेहरा असा, जणू घरात बाळ जन्मलंय.

"वाळुंजबाई, बैलच न्हाई."

"म्हणजे?"

"त्यांच्याकडं बैल न्हाईत. ट्रॅक्टरवाली टोळी हाये ती. पाखऱ्याबी न्हाई, सोन्याबी न्हाई. एवढं खटलं पोरीनं नुसतं डोक्यात उभं केलंय."

उशिराचं खरं कारणही त्यांना तिथेच दिसलं होतं. आई-बाप अंधारातच उसाच्या फडावर जायचे. मग पाणी भरणं, भाकरी, शिवाची अंघोळ, त्याला भरवणं, आणि ते झाल्यावर शाळा. आरतीनं हे कधी सांगितलं नाही. मी पुढे तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "ते तर रोजचंच हाये, त्यात काय सांगायचं."

सरांनी तिचं पाणी जोखायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी आश्चर्यात पडले. अवघड कोडी ती तोंडी सोडवायची, पण साधा भागाकार येईना. दोन दिवसांनी उलगडा झाला. ज्या महिन्यांत शाळेत भागाकार शिकवतात, त्या महिन्यांत ती दरवर्षी रस्त्यावर असायची. गावाकडून इकडे, इकडून गावाकडे. "पोरगी कच्ची न्हाई," सर म्हणाले, "हिचं पुस्तक मधनं फाटलंय. तेवढी पानं जोडली की झालं."

आणि ते पानं जोडायला बसले. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर. सहावीपासून घेणारी एक सरकारी निवासी शाळा आहे, तिची प्रवेश परीक्षा थंडीत होते. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथे, बारावीपर्यंत. आरतीसारखीला दुसरा रस्ताच नव्हता. ही परीक्षा हुकली तर पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, आणि दोन-तीन वर्षांत तिच्या हातात पुस्तक नाही, कोयता असता. त्या टोळीतल्या तिच्याहून थोड्या मोठ्या मुलींचं तेच झालं होतं.

हेडसर म्हणाले, "सर, आपल्या गावची पोरं सोडून त्या पावण्याला कशाला? ती जाईल निघून."

"बरं, मग?" तांबोळी सर म्हणाले.

 आरतीचं नाव तिच्या गावच्या शाळेतून आमच्या शाळेत आणायची खटपट सरांनीच केली आणि हेडसरांनी मुकाट्यानं सही केली. अभ्यासाला बसताना शिवा सरांच्या मांडीवर असायचा. तो खडू खायचा. सर त्याच्या तोंडातून खडू काढायचे आणि त्याच खडूनं गणित लिहायचे.

परीक्षा मंचरला होती. आमच्या गावच्या दोन मुलींना घेऊन मी गेले होते, सर आधीच पोचले होते. आरतीला टोळीच्या मुकादमाच्या मोटरसायकलवर सोडायचं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. बाकीची सगळी मुलं आत गेली. आरती येईना. सर फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत होते आणि दर दोन मिनिटांनी माझ्या घड्याळात बघत होते, कारण स्वतःचं त्यांनी कधी बांधलंच नाही. शिपायानं फाटक लावून घेतलं. पेपर वाटायला अजून थोडा अवकाश होता, एवढीच काय ती आशा.

तेवढ्यात दुधाची एक पिकअप थांबली आणि तिच्यातून आरती उडी मारून धावत आली. मागे तिची आई, शिवाला घेऊन. आरतीच्या फ्रॉकला काट्यांनी ओरखडे, पाय चिखलानं माखलेले. केंद्रप्रमुख फाटकाशी आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय गं, आत्ता? ही काय यायची वेळ आहे?"

"सर, बिबट्या," आरती धापा टाकत म्हणाली.

 मी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा एका क्षणात उतरला. केंद्रप्रमुख तर वैतागून वळलेच. "हेच ऐकायचं राहिलं होतं. सकाळपासून तीन जणांना बिबट्या भेटलाय. दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला?"

आरतीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे. आणि श्वास घेऊन म्हणाली, "उसाची ट्रॉली पलटी झाली साहेब. कालव्याच्या पुलावर. मागचं चाक कठड्याच्या बाहेर गेलंय, सगळा ऊस रस्त्यावर. मोटरसायकल न्हाई निघाली. आमी खालनं कालव्यातनं आलो, म्हणून पाय असं झाल्यात."

केंद्रप्रमुखांचा चेहरा पालटला. त्या रस्त्यावर हंगामात ट्रॉलीमागे अडकला नाही असा माणूस आमच्या तालुक्यात शोधून सापडायचा नाही. "या ट्रॉल्यांनी नुसता वैताग आणलाय," ते म्हणाले, "कालच मी अर्धा तास खोळंबलो. जा, पळ आत." शिपायानं फाटक उघडलं.

पेपर चालला तेवढा वेळ आरतीची आई भिंतीशी टेकून बसली होती आणि शिवा सरांकडे होता. सरांनी त्याला खांद्यावर घेऊन फाटकासमोर फेऱ्या घातल्या, शेंगदाणे चावून भरवले, माझ्या पर्समधल्या किल्ल्या त्याला वाजवायला दिल्या. मला मात्र ते हळूच म्हणाले, "घाबरली पोरगी. पहिलं खोटं कच्चं निघालं, पण दुसरं काय बांधलं बघा." बोलले खरे, पण आवाजात नेहमीचा रंग नव्हता. बिबट्या त्यांना लागला होता.

पेपर सुटल्यावर आम्ही त्या दोघींना सोडायला कोप्यांवर गेलो. पुलावर ट्रॉली नव्हती. ऊस सोडाच, पाचटाचं पानही नव्हतं. पण पुढे फडाच्या कडेला वनखात्याची गाडी उभी होती आणि ही गर्दी. सकाळी तोडणी चालू असताना उसात बिबट्याची दोन पिल्लं निघाली होती. मादी जवळच असणार म्हणून टोळीनं काम थांबवलं होतं, कोप्यांकडून रस्त्याला येणारी वाट बंद केली होती. आरतीची आई दोन्ही लेकरांना घेऊन मागच्या बाजूनं काट्याकुट्यातून कालव्यावर उतरली होती आणि तिथून सडकेवर. क्रेटमध्ये ती पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती. सर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मग आरतीपुढे उकिडवे बसले. "आरती राठोड, तू खरं बोलत व्हतीस."

"व्हय सर. पण खरं चाललं न्हाई. मग दुसरं काढलं."

 सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या फलकावरचा तो 'बिबट्या बंद' स्वतःच्या बाहीनं पुसून टाकला. पांढरी बाही दिवसभर तशीच मळलेली होती.

निकाल उन्हाळ्यात लागला. आरतीची निवड झाली होती. आमच्या शाळेतून ती एकटीच. हेडसरांनी गावभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला "आमची विद्यार्थिनी" असं सांगितलं. पावणं हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. पण टोळी केव्हाच गावी परतली होती, आणि फोनवर आरतीचे वडील एवढंच म्हणाले, "सर, लई उपकार झाले. पण पोरगी धाडता यायची न्हाई."

सर एसटी बदलत बदलत त्यांच्या गावी पोचले. सोबत मीही गेले, मुलीच्या घरी बाई बरोबर असलेली बरी म्हणून. वडील भला माणूस. त्यांनी अडचण सरळ सांगितली. "कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी, सर. एकट्याला कुणी घेत न्हाई. आमी दोघं फडात गेल्यावर ह्या बारक्याला बघायचं कुणी? मागच्या साली एका टोळीतलं लेकरू फडाच्या कडंला निजवलं व्हतं, ट्रॅक्टर मागं आला. आरती हाये म्हणून आमी निर्धास्त हाव."

 मी खाली बघत होते. सर म्हणाले, "मी बघतो."

"तुमी?"

"मी ह्या महिन्यात रिटायर झालो. मला काय काम हाये? दिवाळीला टोळी आली की शिवाला माझ्याकडं सोडा, संध्याकाळी घेऊन जा. पारगावची खोली मी सोडत न्हाई."

वडिलांना हसावं की काय करावं कळेना. "सर, तुमी मास्तर मानूस. लेकरू संभाळायचं म्हंजी..."

इतका वेळ चुलीपाशी गप्प बसलेली आरतीची आई बोलली. "संभाळतील. त्या दिशी फाटकाबाहेर म्या बघितलंय. सरांच्या खांद्यावर हे एकदाबी रडलं न्हाई." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी जाऊ द्या. माझ्या कडंवरच्या भावाला कुठं निजवता आलं असतं, तर मीबी शिकले असते." त्या घरात मग पुढे चर्चा झाली नाही. आरती दारामागे उभी होती, शिवा तिच्या कडेवर होता, आणि माझ्या ओळखीत पहिल्यांदाच तिला काही बोलायला सुचत नव्हतं. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जूनमध्ये आरती निवासी शाळेत गेली. जुन्नरचं घर रंगवून तयार होतं, मुलगा बोलवत होता, तरी सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, पारगावच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. दिवाळी झाली, टोळ्या उतरल्या, आणि आरतीची आई पहिल्याच सकाळी अंधारात शिवाला घेऊन सरांच्या ओट्यावर आली. आठवडा गेला नाही तोच दुसरी एक बाई आली, "सर, हिलाबी ठिवता का?" मग तिसरी. भाभी मला म्हणाल्या, "पोरं वाढवून मी मोकळी झाले म्हटलं, तर यांनी दुकानच मांडलं." म्हणत होत्या, पण हात पेज ढवळतच होता. ओट्याच्या तुळईला दोन झोळ्या टांगल्या गेल्या. गावातल्या बायका जुनी लुगडी आणून द्यायला लागल्या, आणि हेडसरांनी घरचं दूध सुरू केलं.

त्या हंगामात टोळीतल्या मोठ्या मुली परिपाठाला वेळेवर हजर होत्या. सगळ्यांचे हात रिकामे. एक मुलगी तर प्रार्थनेला उभी राहायची तीही एका बाजूला कलून, कंबर बाहेर काढून, कडेवर कुणी नसताना. तिला सरळ उभं राहायला बरेच दिवस लागले.

सहामाहीचा निकाल लागला तेव्हा आरतीचा फोन माझ्या मोबाईलवर आला. सरांचा फोन कायम भाभींच्या कपाटात बंद पडलेला असतो, हे तिला माहीत होतं. वर्गात पहिली आली होती. गणितात तर तिचे शिक्षक वरच्या वर्गाचा पेपर देऊन बघणार होते. "सरांना मीच सांगणार, बाई," ती म्हणाली. मी फोन चालू ठेवून, पदर खोचून, शाळेतून जवळजवळ पळतच सरांच्या ओट्यावर गेले.

सर ओट्यावर फेऱ्या घालत होते. खांद्यावर शिवा गाढ झोपला होता, दुसऱ्या हातात झोळीची दोरी. मी तोंड उघडणार तोच त्यांनी डोळ्यांनी दटावलं. मी काही न बोलता फोन त्यांच्या कानाला लावला. आरती भरभर सांगत सुटली, तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. सर आवाज न करता हसत होते, सगळं अंग हलत होतं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पुसायला एक हात मोकळा नव्हता.

"सर? सर, ऐकू येतंय का? बोला ना," आरती पलीकडून म्हणत होती.

मी फोन माझ्याकडे घेतला आणि कुजबुजत सांगितलं, "अगं, सरांच्या खांद्यावर शिवा झोपलाय."

 मग आरतीचा आवाज आला, अगदी हलका, तिच्या शेजारीच कुणी झोपलेलं असावं तसा. "मग नका बोलू देऊ त्यांना. मी उद्या करते."